लेझर, अर्धवाहक आणि टोपॉलॉजी : खानदेशातून मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर रावेर तालुक्यातलं. दिवाळीत गावी आले की ओसरीवर, आणि फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या आसपास जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत, मला जवळजवळ तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. प्रश्न चांगले असतात. घाईत दिलेली उत्तरं मात्र अपुरी राहतात, म्हणून इथे सवडीनं लिहिते आहे. काही ठिकाणी उत्तर लांबलं आहे, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच पुष्कळ आहे.

ताई, तुम्ही नेमकं करता काय?

अर्धवाहकापासून, म्हणजे सेमीकंडक्टरपासून, बनवलेला एक लेझर घेते. मोहरीच्या दाण्याहून लहान. त्याच्यासमोर आरसा ठेवून त्याचाच थोडासा प्रकाश त्याच्याकडे परत पाठवते. एवढ्यानं तो शांत लेझर अस्वस्थ होतो आणि त्याचा प्रकाश वेडावाकडा लुकलुकू लागतो. या लुकलुकण्याची नोंद घेऊन मी त्यात दडलेला आकार शोधते. आकार म्हणजे लांबी-रुंदी नव्हे. त्यात फेरे किती, भोकं किती, कोणता फेरा कोणत्या फेऱ्यात अडकला आहे, हे मोजायचं. या मोजणीचं गणित म्हणजे टोपॉलॉजी.

हे तर तीन वेगळे विषय झाले. एकच काहीतरी धरून का नाही बसलात?

हा प्रश्न मला मुलाखतीत विचारला गेला, आणि सख्ख्या मामांनीही विचारला. बाहेरून तीन दिसतात, पण माझ्यासाठी प्रश्न एकच आहे : वस्तू हलली, तापली, मळली, तिच्यात गोंगाट मिसळला, तरी तिच्यातलं काय बदलत नाही?

याचं सगळ्यात सुंदर उत्तर अर्धवाहकांतूनच आलं आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर काम करत होते. द्रव हीलियमची थंडी आणि प्रचंड चुंबकीय क्षेत्र. अशा स्थितीत विजेचा एक विशिष्ट रोध मोजला, तर तो सरळ वाढत न जाता पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतो. प्रत्येक पायरीची किंमत २५,८१२.८ ओहम भागिले १, २, ३, ४ अशी येते. पूर्णांकच. नमुना थोडा अशुद्ध असो, त्याच्या कडा वाकड्या असोत, उत्तर तेच. पदार्थविज्ञानात इतकं नेमकं उत्तर मिळायचं तर नमुना अतिशुद्ध लागतो अशी आपली समजूत असते, आणि इथे तर मळक्या नमुन्यातून असा आकडा येत होता, जो पुढे अब्जांश भागापर्यंत अचूक ठरला!

१९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण सांगितलं : तो पूर्णांक म्हणजे एक टोपॉलॉजिकल मोजणी आहे. इलेक्ट्रॉनांच्या अवस्था कितीदा गुंडाळल्या गेल्या आहेत, याची. दोरीला खुंट्याभोवती दोन वेढे असतात किंवा तीन असतात, सव्वादोन कधी नसतात. म्हणून किरकोळ ढवळाढवळीनं तो आकडा किरकोळ बदलू शकत नाही. बदलायचाच तर पूर्ण एकानं बदलावा लागतो, आणि त्यासाठी मोठी उलथापालथ घडावी लागते. क्लिट्झिंग यांना १९८५चं नोबेल मिळालं, थाउलेस, हॉल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना २०१६चं.

एम.एस्सी.ला हे पहिल्यांदा नीट समजलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तीन विषय तेव्हाच माझ्यासाठी एक झाले.

टोपॉलॉजी म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगाल का?

मराठीत तिला संस्थितीविज्ञान म्हणतात. बोलताना मी टोपॉलॉजीच म्हणते. ताणणं, वाकवणं, दाबणं चालेल, पण फाडणं आणि चिकटवणं चालणार नाही, अशा अटीवर वस्तूचं जे टिकून राहतं त्याचा हा अभ्यास.

पुस्तकांत दुसरीच उदाहरणं असतात. आपण आपला रेल्वेचा नकाशा घेऊ. जळगावहून मुंबईला दोन वाटांनी जाता येतं. चाळीसगाव-मनमाड-नाशिक अशी एक, आणि अमळनेर-नंदुरबार-सुरत अशी दुसरी. दोन्ही मिळून एक मोठा फेरा तयार होतो. नकाशा रबराच्या कापडावर छापून कितीही ताणा, फेरा राहतोच. आता चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा बघा. तो धुळ्यात संपतो. त्यानं प्रवाशांची सोय झाली, पण फेऱ्यांची संख्या बदलली नाही.

हिशेब करून बघता येतो. मुंबई, मनमाड, चाळीसगाव, जळगाव, सुरत, धुळे ही सहा ठिकाणं. त्यांना जोडणारे मार्गही सहाच. मार्गांतून ठिकाणं वजा करा आणि एक मिळवा : ६ वजा ६ अधिक १, म्हणजे १. एक फेरा. सध्या बोरविहीर ते नरडाणा हा नवा लोहमार्ग बांधला जातो आहे. बोरविहीर धुळ्याच्या फाट्यावर, नरडाणा सुरतेच्या मार्गावर. तो पुरा झाला की ठिकाणं आठ आणि मार्ग नऊ होतील. ९ वजा ८ अधिक १ म्हणजे २. खानदेशाच्या नकाशात एक नवा फेरा जन्माला येईल, आणि त्यात अमळनेर, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव सगळे गुंफले जातील. कुठे किती किलोमीटर, वळण कसं, पूल किती, यातलं काहीही त्या दोनच्या आकड्याला माहीत नसतं. कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, हा प्रश्न गणिती ऑयलरनं १७३६ मध्ये असाच सोडवला होता. पुलांची लांबी त्यानं विचारातच घेतली नाही.

उलट तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर या नद्यांचं जाळं बघा. उपनद्या येऊन मिळत जातात, पण फेरा होत नाही. ते झाड आहे. तिथे उत्तर शून्य.

सेमीकंडक्टर म्हणजे मोबाइलमधली चिपच ना? मग त्यातून प्रकाश कसा निघतो?

चिप सिलिकॉनची असते आणि सिलिकॉन प्रकाश देण्यात फार कमजोर आहे. वरच्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन खाली येताना ऊर्जा सोडतो, पण सिलिकॉनमध्ये त्याला खाली यायचं तर संवेगाचाही मेळ बसवावा लागतो. तो क्वचितच बसतो, मग ऊर्जा उष्णता होऊन जाते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ही अडचण नाही. तिथे इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरतो आणि प्रकाशाचा कण, फोटॉन, बाहेर पडतो.

कोणत्या रंगाचा, ते दोन पातळ्यांतलं अंतर ठरवतं. एक सूत्र लक्षात ठेवा : १२४० ला इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या एककातल्या अंतरानं भागा, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. गॅलियम आर्सेनाइडचं अंतर १.४२, म्हणजे सुमारे ८७३ नॅनोमीटर, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. गॅलियम नायट्राइडचं ३.४, म्हणजे अतिनील. त्यात इंडियम मिसळलं की निळा. या निळ्या प्रकाशासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं, आणि आज घराघरांतला पांढरा एलईडी दिवा त्यावर उभा आहे.

थोडा इतिहास. लेझर ज्यावर चालतो ती उत्तेजित उत्सर्जनाची, म्हणजे एका फोटॉननं तसाच दुसरा फोटॉन बाहेर काढण्याची, कल्पना आइन्स्टाइनची, १९१७ची. पहिला लेझर माइमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून पेटवला. अर्धवाहक लेझर १९६२ मध्ये आला, पण तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत आणि क्षणभरच चालायचा. साध्या खोलीत अखंड चालायला १९७० उजाडलं. त्यासाठी वेगवेगळ्या अर्धवाहकांचे पातळ थर एकमेकांवर चढवून इलेक्ट्रॉन आणि प्रकाश दोघांनाही मधल्या थरात कोंडावं लागलं. ही युक्ती सुचवणाऱ्या अल्फेरोव आणि क्रोमर यांना २०००चं नोबेल मिळालं. मला स्वतःला ही युक्ती लेझरच्या शोधाइतकीच मोठी वाटते.

अर्धवाहकातला ‘होल’ आणि टोपॉलॉजीतलं भोक एकच का?

नाही. अर्धवाहकातला होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. भरलेल्या बाकावरून एक मूल उठलं की ती मोकळी जागा जशी सरकत जाते, तसा तो सरकतो. टोपॉलॉजीतलं भोक म्हणजे बांगडीचं भोक. शब्द सारखा म्हणून विद्यार्थी हमखास गोंधळतात.

स्वतःचाच प्रकाश परत आल्यावर लेझर बिघडतो कसा?

बिघडत नाही. त्याचं वागणं गुंतागुंतीचं होतं. आरसा एक मीटरवर असेल तर प्रकाशाला जाऊन परत यायला सुमारे ६.७ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे लेझरला आत्ता जे मिळतं, ती त्याचीच ६.७ नॅनोसेकंदांपूर्वीची अवस्था. वाघूरच्या काठी कड्यासमोर उभं राहून बोलताना आपलाच आवाज उशिरा परत यावा, आणि तो ऐकून आपण पुढचं वाक्य बदलावं, ते पुन्हा उशिरानं परत यावं, असं काहीसं. अर्धवाहक लेझर अशा परतणाऱ्या प्रकाशाला फार हळवा असतो, कारण इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की त्याची तीव्रताच नाही तर रंगही सरकतो. लँग आणि कोबायाशी यांनी १९८० मध्ये याची समीकरणं लिहिली. आजही आम्ही तीच वापरतो.

दूरसंचारातले अभियंते हा त्रास टाळायला लेझरपुढे एकमार्गी झडप बसवतात. पण या गोंधळाचा उपयोगही आहे. २००५ मध्ये अथेन्स शहराच्या चालू फायबरवरून १२० किलोमीटर अंतरावर, अशा केऑटिक, म्हणजे वेड्यावाकड्या लुकलुकणाऱ्या, प्रकाशात संदेश लपवून पाठवून दाखवला गेला. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी यातून सेकंदाला अब्जाहून अधिक यादृच्छिक आकडे काढले. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवायला असे आकडे लागतात.

त्या लुकलुकण्यातून आकार कसा काय निघतो?

दोन पावलांत. पहिलं पाऊल : तीव्रतेची नोंद घ्यायची. आत्ताची किंमत, थोड्या वेळापूर्वीची, त्याच्याही आधीची, अशा तीन किमती म्हणजे एका ठिपक्याचे तीन निर्देशांक. असे लाखो ठिपके मांडले की आकृती उभी राहते. नोंद एकाच गोष्टीची असूनही संपूर्ण यंत्रणेचा आकार परत मिळू शकतो, हे टाकेन्स यांनी १९८१ मध्ये सिद्ध केलं. (तीनच किमती पुरतात असं नाही, पुष्कळदा जास्त लागतात. आणि चार मितींत गेलं की दोऱ्यांच्या गाठी आपोआप सुटतात, त्यामुळे गाठी मोजायची जुनी पद्धत तिथे चालत नाही. मग खालची पद्धत लागते.)

दुसरं पाऊल समजावताना मी नेहमी अंगणातल्या सड्याचं उदाहरण देते. कोरड्या मातीच्या अंगणात पाण्याचे थेंब पडले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक थेंब हळूहळू पसरतो. शेजारचे ओले ठिपके एकमेकांना भिडतात. मग कुठेतरी असं होतं की चारी बाजूंनी ओलं आणि मधे कोरडी माती शिल्लक. पाणी अजून पसरलं की तेही कोरडं बेट बुजतं. प्रत्येक कोरड्या बेटाचा जन्म कधी झाला आणि ते बुजलं कधी, एवढंच लिहून ठेवायचं. चार थेंब योगायोगानं वर्तुळात पडले म्हणून झालेलं बेट लगेच बुजतं. पण थेंब मुळातच मोठ्या कड्याच्या आकारात पडले असतील, तर मधलं बेट बराच वेळ टिकतं. जे टिकलं ते खरं मानायचं. या पद्धतीला पर्सिस्टंट होमॉलॉजी म्हणतात. एडेल्सब्रुनर, लेचर आणि झोमोरोडियन यांनी २००० साली ती संगणकावर करता येईल अशी मांडली.

यात मला सगळ्यात आवडतं ते हे की थेंब किती पसरू द्यायचे, हे आपल्याला ठरवावं लागत नाही. सगळे टप्पे बघायचे असतात. संशोधक म्हणून स्वतःच्या आवडीचा टप्पा निवडायचा मोह होतो, तो इथे पहिल्या पायरीवरच थांबतो.

यात कधी चुकलात का?

चुकले, आणि ती चूक मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका प्रयोगशाळेत मी लेझरच्या शक्तीतले सावकाश होणारे बदल मोजत होते. ठिपके मांडले, तर मध्यभागी एक मोठं, स्वच्छ भोक. सड्यातलं कोरडं बेट बुजायलाच तयार नाही. आठवडाभर मी हवेत होते. लेखाचा मसुदाही लिहायला घेतला.

मग भोकाभोवतीच्या कड्यावरून ठिपक्याला एक फेरा मारायला लागणारा वेळ काढला. २० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. आपल्या भिंतीतल्या विजेची वारंवारता! लेझर बंद करून मोजलं, तरी तेच कडं, तेच भोक. मी लेझरचा आकार मोजतच नव्हते, महावितरणच्या खांबावरून येणाऱ्या विजेची गुणगुण मोजत होते. वायरींचं अर्थिंग नीट केलं आणि भोक नाहीसं झालं.

तेव्हापासून नियम केला आहे : कोणताही आकार सापडला की पहिल्यांदा लेझर बंद करून मोजायचं. टिकलेलं भोक खरं असतं, पण ते कशाचं आहे हे गणित सांगत नाही. ते शोधायला टेबलाखाली शिरून वायरीच बघाव्या लागतात.

‘टोपॉलॉजिकल लेझर’ ही काय भानगड आहे?

वर सांगितलेला पूर्णांकांचा खेळ प्रकाशातही करता येईल, असं हॉल्डेन आणि रघू यांनी २००८ मध्ये सुचवलं. २०१८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेतल्या गटांनी अर्धवाहकाच्या चकतीवर सूक्ष्म कड्यांची १० बाय १०ची जाळी कोरली आणि तिच्यातून लेझर घडवला. प्रकाश जाळीच्या आत न पसरता फक्त काठाकाठानं फिरतो. शेताच्या बांधावरून चालताना मधे बाभूळ आडवी आली तर माणूस वळसा घालून पुढे जातो, मागे फिरत नाही. तसाच काठावर एखादं कडं खराब निघालं तरी प्रकाश वळसा घेऊन पुढे जातो. पुष्कळ छोट्या लेझरांना एका सुरात चालवणं फार अवघड असतं. इथे जाळीची रचनाच ते काम करते. बाजारात अजून असं काही नाही. पण कारखान्यातल्या बारीकसारीक दोषांना न जुमानणारा लेझर, ही कल्पना मला खूप मोठी वाटते.

भुसावळच्या उन्हाळ्यात लेझर चालेल का?

चालेल, पण थंडावा द्यावा लागेल. तापमान वाढलं की लेझर पेटायला लागणारा किमान विद्युतप्रवाह झपाट्यानं वाढतो. रंगही सरकतो. गॅलियम आर्सेनाइडच्या जातीतल्या साध्या लेझरात अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर. २० अंशांवरून ४५ अंशांवर गेलात तर सात-आठ नॅनोमीटरची चूक झाली. म्हणून लेझरखाली विजेवर थंड होणारी पेल्टिए पट्टी बसवतात. उन्हाळ्याइतकीच मला धुळीची काळजी वाटते. आरशावर बसलेला एक कण तापून आरशाचा लेप जाळू शकतो.

आमचं सराफी दुकान आहे. लेझरचा आमच्याशी काय संबंध?

रोजचा आहे. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक, एचयूआयडी, लेझरनंच कोरतात. नॅनोसेकंदांच्या स्पंदांनी. सोन्याची अडचण अशी की अवरक्त प्रकाश ते जवळजवळ सगळाच परतवतं, म्हणून स्पंद फार तीव्र लागतात. निळ्या प्रकाशाचं उलटं. ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सोनं निम्म्याहून अधिक शोषतं. सोनं पिवळं दिसतं त्याचं कारणही हेच, निळा भाग ते गिळून टाकतं. तांब्याचंही तसंच आहे. त्यामुळे गॅलियम नायट्राइडचे निळे लेझर आता धातूच्या जोडकामात येत आहेत. जळगावच्या सुवर्णपेठेतल्या तरुण कारागिरांनी याकडे लक्ष ठेवावं असं मी आवर्जून सांगेन.

केळीवाल्यांना याचा काही उपयोग?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडतं, कारण माझा भाऊ केळीच लावतो.

केळं पिकतं ते इथिलीन वायूमुळे. पक्व फळ स्वतःच इथिलीन सोडतं, आणि ते शेजारच्या फळालाही पिकवतं. रायपनिंग चेंबरमध्ये हवेच्या दहा लाख भागांत साधारण १०० भाग इथिलीन ठेवून घड एकसारखे पिकवतात. (कार्बाइडनं पिकवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.) पण माल दिल्लीला निघाला असताना मालगाडीच्या डब्यात एखाद्या घडानं वेळेआधी इथिलीन सोडायला सुरुवात केली, तर ते अगदी कमी प्रमाणात असतानाच कळायला हवं.

इथे येतो कार्बन डायऑक्साइड लेझर. हा १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेत शोधला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, १९३८चा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे नाव पाठ असायला हवं. या लेझरचा प्रकाश साधारण १०.६ मायक्रोमीटरचा, पण तो बदलून १०.५३ वर आणता येतो, आणि नेमक्या त्याच जागी इथिलीन प्रकाश जोरात शोषतं. मग असं करायचं : फळाभोवतालची हवा एका नळीत घ्यायची. लेझर फिरत्या चकतीतून चालू-बंद करत तिच्यात सोडायचा. इथिलीन असेल तर हवा तालात तापते आणि निवते, फुगते आणि आक्रसते. म्हणजेच आवाज होतो. नळीत मायक्रोफोन ठेवला की फळ पिकल्याचं अक्षरशः ऐकू येतं! प्रकाशातून आवाज निघतो हे ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं. या पद्धतीनं अब्जात एक भाग याहूनही कमी इथिलीन ओळखता येतं.

अडचण एवढीच की तो लेझर मोठा आणि नाजूक असतो. १९९४ मध्ये बेल लॅबमध्येच क्वांटम कॅस्केड लेझर तयार झाला. तो अर्धवाहकाचा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि याच पट्ट्यात काम करू शकतो. त्यातून खोक्यात मावणारं इथिलीन-यंत्र बनतं. किंमत अजून शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही. ती यावी, हे माझ्या कामामागचं एक उघड कारण आहे.

मिरवणुकीतले लेझर डोळ्यांना घातक असतात का?

हो, असू शकतात. डोळ्याचं भिंग समांतर किरण पडद्यावर एका बारीक बिंदूत गोळा करतं. तीव्रता त्या बिंदूवर सुमारे एक लाख पटींनी वाढते. जळलेला दृष्टिपटल पुन्हा येत नाही. झोत चेहऱ्यावर येत असेल तर पाठ फिरवा, आणि मुलांना खांद्यावर बसवून त्या उंचीला नेऊ नका. मोबाइलचा कॅमेराही त्यानं जळतो. खेळण्यातल्या हिरव्या पॉइंटरबद्दलही सावध राहा. स्वस्त पॉइंटरमधून कधीकधी न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो, आणि न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही.

मराठी माध्यमातून शिकलो आहे. या क्षेत्रात येऊ शकतो का?

मीही मराठी माध्यमातूनच शिकले. इंग्रजी वाचनाचा त्रास पहिलं दीड-दोन वर्षं होतो, मग सवय होते. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका. त्यातही रेषीय बीजगणित. पुढे एम.एस्सी. आपल्या विद्यापीठात करता येतं, किंवा जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत. पीएच.डी.साठी नेट, गेट, जेस्ट या परीक्षा आहेत. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, त्यामुळे घरच्यांवर भार पडत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलींच्या घरी पहिला प्रश्न हाच असतो. लेझरची मोठी राष्ट्रीय संस्था, राजा रामण्णा केंद्र, इंदूरला आहे. जळगावहून एका रात्रीच्या अंतरावर.

टोपॉलॉजी शिकायला प्रयोगशाळाही लागत नाही. पायथन शिका. रिप्सर आणि गुढी ही दोन साधनं फुकट आहेत. दुसऱ्याचं नाव वाचून आपल्याला पाडवा आठवतो, पण ते इंग्रजी आद्याक्षरांतून आलं आहे. हवामानाची, कापसाच्या भावाची, कसलीही रोजची नोंद घ्या आणि ठिपके मांडून बघा.

खानदेशात गणिताची काही परंपरा आहे का?

चाळीसगावजवळ पाटणादेवीला जा. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. भास्कराचार्यांचं जन्मगाव हेच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण गणिताचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे कुणीतरी जमीन आणि धान्य लावून दिलं होतं, हे दगडावर कोरलेलं आहे.

घरी करता येईल असा एखादा प्रयोग सांगा.

दुकानात मिळणारा लाल लेझर पॉइंटर, एक केस, चिकटपट्टी आणि मोजपट्टी. केस पॉइंटरच्या तोंडावर आडवा ताणून चिकटवा. दोन मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर झोत टाका. अंधार करा. भिंतीवर ठिपक्याऐवजी प्रकाश आणि अंधाराची माळ दिसेल. मधल्या तेजस्वी ठिपक्याच्या केंद्रापासून पहिल्या काळ्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. केसाची जाडी म्हणजे तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले हे अंतर. लाल पॉइंटर ६५० नॅनोमीटरचा धरा. १.९ सेंटीमीटर आलं तर केस साधारण ७० मायक्रोमीटरचा. आजीचा, आईचा आणि तुमचा केस वेगवेगळा निघेल.

मग केसाऐवजी कापसाचा एकच तंतू लावून बघा. तो केसाहून चार-पाच पट बारीक असतो, त्यामुळे माळ तेवढीच पसरेल, पहिली काळी जागा आठ-नऊ सेंटीमीटरवर जाईल. प्रकाश अंधुक असेल, डोळे अंधाराला सरावू द्या. आणि तंतू हळूहळू सरकवाल तसं ते अंतर कमी-जास्त होताना दिसेल. कापसाचा तंतू गोल नसतो, पिळवटलेल्या चपट्या फितीसारखा असतो. बोंडात तो जसा वाळला, तसे त्याला पीळ पडलेले असतात. एका तंतूत किती पीळ, ते या माळेवरून मोजता येतात.